विजेची पाळी देणारे होवाळ

जालिंदर होवाळ यांच्याविषयी आमच्या वसाहतीत आज जे बोलले जाते ते खोटे आहे, म्हणून हे लिहीत आहे. मी या सहकारी औद्योगिक वसाहतीची सचिव आहे. कायद्याची पदवी घेऊन अठरा वर्षे अशा संचालकांसाठी टिपणे लिहीत आले आहे, ज्यांना टिपणाखाली सही कुठे करायची एवढेच पाहायचे असते. होवाळांची गोष्ट सांगताना माझ्या लेखणीला कडवटपणा येईल. तो मी पुसणार नाही.

वसाहत साताऱ्याबाहेरच्या माळावर आहे. एकेचाळीस कारखाने, त्यांत पाच ओतकामाच्या भट्ट्या, एक बर्फाचा कारखाना, एक डाळमिल आणि बाकी लहानमोठी वर्कशॉप. या सर्वांची वीज एकाच जागी घाऊक येते आणि संस्था ती सभासदांना वाटते. त्या जागेला सबस्टेशन म्हणतात, आणि होवाळ तिथे ऑपरेटर होते. घाऊक पुरवठ्यात एकूण किती वीज वापरली एवढ्यावर भागत नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली, यालाही वेगळा आकार, म्हणजे शुल्क, असतो. महिन्यातल्या कोणत्याही एका अर्ध्या तासात सर्वांनी मिळून जो सर्वात मोठा भार टाकला असेल, ती त्या महिन्याची 'मागणी'. एकोणतीस दिवस शहाण्यासारखे वागून तिसाव्या दिवशी अर्धा तास सगळ्यांनी एकदम यंत्रे सुरू केली, तर सगळा महिना त्या अर्ध्या तासाने मोजला जातो.

होवाळ १९९९ साली नोकरीला लागले. दुसऱ्याच उन्हाळ्यात एका दुपारी वरून पुरवठा तीन तास बंद पडला. तो परत आला तेव्हा प्रत्येकाला वाटले की बुडालेले तीन तास आपणच आधी भरून काढावेत. पाचही भट्ट्या, बर्फाचे कॉम्प्रेसर आणि डाळमिल एकाच वेळी सुरू झाले. एरवी चार हजार किलोवॅटच्या आत राहणारी मागणी बावन्नशेवर गेली आणि तेव्हाच्या करारानुसार त्या एका आकड्याचा भुर्दंड पुढचे अकरा महिने सर्वांनी सोसला. मी तेव्हा इथे नव्हते. पण त्या दिवसाचे आकडे होवाळांच्या वहीत मी पाहिले आहेत, आणि त्यानंतरच्या सभेची हकिकत मला बर्फाच्या कारखान्याचे मालक भाऊसो चौगुले यांनी सांगितली आहे.

चेअरमन हंबीरराव, ज्यांची भट्टी वसाहतीत सर्वात मोठी, सभेत ओरडत होते. "मग आता काय करायचं म्हणतोस? भट्ट्या इझवून बसू?"

"इझवू नका, साहेब," होवाळ म्हणाले. "पाळी लावू. पाण्याला लावत्यात तशी."

"वीज काय पाटातनं येती व्हय रं?"

सगळे हसले. होवाळ थांबले आणि हसणे संपल्यावर म्हणाले, "पाटातनं न्हाई. पण एकाच दारातनं येती. एकदम समद्यांनी तोंड लावलं तर कुणालाच पुरत न्हाई."

"पाटकऱ्याचं पोरगं आता आमाला पाळी देणार," डाळमिलचे गुंडा चौगुले शेजाऱ्याला म्हणाले, इतक्या मोठ्याने की सर्वांना ऐकू जावे.

ते खरे होते. होवाळ आटपाडी तालुक्यातले. त्यांचे वडील एका तलावावर पाटकरी होते, म्हणजे कालव्याचे पाणी शेताशेतांना ठरलेल्या पाळीने सोडणारा रोजंदार माणूस. ज्या गावाला ते पाणी वाटत, त्या गावात त्यांची स्वतःची जमीन पाऊण एकर होती, आणि तीही कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी चढत नाही. छप्पन्न साली बौद्ध झालेल्या त्या वस्तीत कुणाच्याही नावावर पाण्याची पाळी नव्हती. दुसऱ्यांच्या पाळ्यांची राखण तेवढी होती. वडिलांचा एक नियम होता. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या दिवशी त्याच्या घरचे काही तोंडात घालायचे नाही. गूळ खाल्ला की दार बंद करताना हात कचरतो, असे ते मुलाला सांगत. मुलाने सांगलीत आयटीआय केले, वायरमनचे काम केले आणि मग आमच्याकडे नोकरी धरली; पण डोक्यात तो हिशेब घेऊनच आला.

सबस्टेशनच्या खोलीत त्यांनी एक काळा फळा लावला. भाऊसोंचा बर्फ पहाटे चार ते दहा. दोन भट्ट्या सकाळी, दोन दुपारी, हंबीररावांची तीन वाजता. डाळमिल जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा लेथ बंद असतात. शिराळ्याकडचे कामगार नागपंचमीला गावी जात, तेव्हा त्यांच्या कारखान्याची पाळी होवाळ दुसऱ्याला देत आणि ते परतले की न मागता परत मिळवून देत. पुरवठा गेला आणि आला, तर प्रत्येकाला क्रमाने फोन जाई. फोन आल्याशिवाय कुणी खटका दाबायचा नाही. पहिल्याच महिन्यात मागणी चौतीसशेवर उतरली. त्यानंतर बावीस वर्षे ती पस्तीसशेच्या वर गेली नाही. त्या काळात कारखाने वाढले, भट्ट्या मोठ्या झाल्या, आकडा मात्र तिथेच राहिला. हे आपोआप होते असे सभासदांना वाटू लागले.

वडिलांचा नियमही त्यांनी सोडला नाही. पाळी चालू असलेल्या कारखान्यात ते चहा घेत नसत. एकदा भाऊसोंनी माझ्यासमोर विचारले, "आमचा च्या बाटतोय व्हय रं तुला?" त्या प्रश्नातला उलटेपणा विचारणाऱ्याच्या ध्यानात आला नाही. होवाळांच्या आला असावा, पण ते एवढेच म्हणाले, "धाला तुमची पाळी संपली की येतो, भाऊसो. दूध जास्त घाला." आणि सव्वादहाला ते खरोखरच आले.

हंबीररावांचा प्रसंग मी स्वतः पाहिला. निर्यातीचा माल अडकला होता आणि त्यांना दुपारी बारालाच भट्टी लावायची होती. त्यांनी माझ्या टेबलावरून फोन केला.

"जालिंदर, मी चालू करतोय."

"तुमची पाळी तीनला, आबा."

"आरं, मी चेअरमन हाय!"

"व्हय आबा. चेअरमनची पाळी तीनला."

फोन स्पीकरवर होता. ऑफिसातला शिपाईसुद्धा हसला. पुढे कित्येक महिने वसाहतीत कुणी घाई केली की दुसरा म्हणे, चेअरमनची पाळी तीनला. हंबीररावही चारचौघांत हसत. माणूस आपली वेळ येईपर्यंत असे हसतो, हे मला नंतर कळले.

ती वेळ २०२२ च्या दिवाळीनंतर आली. हंबीररावांचा पुतण्या विश्वजित पुण्याहून एक प्रस्ताव घेऊन आला. एक खासगी कंपनी आम्हाला कमी दराने घाऊक वीज द्यायला तयार होती. करार इंग्रजीत, अठ्ठ्याऐंशी पानांचा होता. दर पहिल्या पानावर होता. तो सर्वांनी पाहिला. व्याख्या एकोणिसाव्या पानावर होत्या.

त्या पानाकडे माझे लक्ष वेधले ते इंग्रजी न वाचणाऱ्या होवाळांनी. कंपनीची माणसे पाहणीच्या नावाखाली प्रत्येक कारखान्याच्या फाटकाशी नवा मीटर बसवत होती. होवाळ दुपारी ऑफिसात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, वीज एका जागी घ्यायची, मग ह्यास्नी एकेचाळीस जागी मीटर कशाला पायजेत?"

मी करार उघडला. लिहिले होते ते असे: मागणी म्हणजे प्रत्येक सभासदाच्या मीटरवर त्या महिन्यात नोंदलेल्या सर्वाधिक भारांची बेरीज, मग ते भार एकाच वेळचे असोत वा नसोत. पुढच्या कलमात बंधन होते. प्रत्येक सभासदाने आपली मागणी आधी लिहून द्यायची, आणि त्या सर्व आकड्यांच्या बेरजेच्या नव्वद टक्के इतक्या मागणीचा आकार संस्थेने पाच वर्षे भरायचा; प्रत्यक्ष मागणी कमी भरली तरीही.

मी मराठीत सांगितले. होवाळ खाली बसले आणि माझ्या टेबलावरच्या कागदावर लिहू लागले.

"म्हंजे असं बघा. भाऊसोंचा बर्फ सकाळी दीडशे वडतो. डाळमिल दुपारी सव्वाशे. आज आपली मागणी किती?"

"दीडशे. दोन्हींतला मोठा आकडा."

"ह्यांच्या हिशेबानं दोन्हींची बेरीज. पावणेतीनशे. एका वेळी पावणेतीनशे कवाच वडलं न्हाई, तरीबी." त्यांनी पेन्सिल ठेवली. "मग पाळी कशापायी पाळायची?"

 उत्तर त्यांना माहीत होते. बावीस वर्षांची त्यांची सगळी करामत त्या एका व्याख्येने निरुपयोगी ठरत होती, आणि सही व्हायला सात आठवडे उरले होते. व्याख्या बदलून घेणे, निदान सभासदांचे आकडे तरी खरे लिहून घेणे, यासाठी तेवढाच अवधी होता.

मी चार पानांचे टिपण लिहून हंबीररावांना दिले. त्यांनी ते उलटे ठेवले. "बाई, एवढ्या शिकलाय तुमी. कवातरी काय चांगलं बी दिसू द्या की."

मग आकडे मागवायची वेळ आली, आणि इथे आम्ही जी चूक केली ती दुसरीकडे कुणी केली असती असे मला वाटत नाही. विश्वजितने एक तक्ता ऑफिसबाहेरच्या फलकावर लावला. डावीकडे कारखान्याचे नाव, उजवीकडे मालकाने स्वतः भरायचा मागणीचा आकडा. आमच्या मुलखात आकडा चारचौघांत लावला की तो मोजमाप राहत नाही, मान होतो. लग्नपत्रिकेत कुणाचे नाव वर छापले यावरून दोन दोन पिढ्या न बोलणारी ही माणसे. त्यात भाऊसो आणि गुंडा सख्खे चुलत भाऊ आणि बांधाचे शेजारी. गुंडांनी डाळमिलपुढे साडेतीनशे लिहिले. भाऊसोंनी बर्फापुढे चारशे लिहिले.

होवाळांनी आपल्या वह्यांतून प्रत्येकाचा आजवरचा सर्वात मोठा आकडा काढून यादी केली आणि रोज ड्यूटी संपल्यावर मोटारसायकलवरून एकेका कारखान्यात जाऊ लागले. कंपनीच्या कागदाशी माझा संबंध होता, म्हणून दोन ठिकाणी मीही बरोबर गेले.

"आवं भाऊसो, तुमचा कवाचा मोठ्यात मोठा आकडा एकशे बासष्ट हाय. सोळा सालचा मे म्हयना. वहीत हाय."

"वही तुझी. बर्फ माझा." भाऊसो पंख्याखाली बनियनवर बसले होते. "गुंड्यानं साडेतीनशे लिवलंय आन मी दीडशे लिवू? लोकं म्हणतील भाऊसो बसला खाली."

"न वापरता भरावं लागंल."

"वापरू की! आता पाळी जाणार, तू बसणार घरी. मग वडतो कसा बघ." बोलून झाल्यावर त्यांनी होवाळांकडे पाहिले. "तुला न्हाई रं म्हणलं, गड्या. बोलायच्या भरात निघालं."

गुंडा चौगुल्यांकडे तर बसायलाही मिळाले नाही.

"भाऊसोनं चारशेच ठेवलंय का वाढवलंय?"

"ते मला इचारू नका. तुमचा आजवरचा मोठा आकडा एकशे चाळीस हाय."

"आधी त्याचा सांग. मग माझा सांगतो."

"आवं, ही काय बैलगाड्यांची शर्यत हाय का?"

"तुला न्हाई कळायचं ते," गुंडा म्हणाले. "तुला शेजारी शेत कुठंय?"

होवाळ बाहेर आले. मोटारसायकलला किक मारताना मला म्हणाले, "एकोणचाळीस राहिल्यात." पुढच्या पंधरा दिवसांत एकाही माणसाने तक्त्यावरचा आकडा खाली आणला नाही. गुंडांनी मात्र साडेतीनशे खोडून सव्वाचारशे केले. सगळी बेरीज नऊ हजार अडीचशे झाली. एका वेळी पस्तीसशेहून जास्त वीज कधी न ओढलेल्या वसाहतीने नऊ हजार अडीचशेची मागणी लिहून दिली.

जानेवारीतल्या एका रविवारी सर्वसाधारण सभा भरली. होवाळ सभासद नव्हते. बोलू द्यावे अशी विनंती मी केली आणि हंबीररावांनी दोन मिनिटे दिली. होवाळांनी बर्फाचे आणि डाळमिलचे तेच उदाहरण सांगितले. स्वच्छ आणि थोडक्यात सांगितले. मी कायद्याच्या भाषेत चार पानांत जे मांडू शकले नव्हते, ते त्यांनी दोन मिनिटांच्या आत मांडले.

विश्वजित नम्रपणे उठला. "होवाळ काका, ही स्टँडर्ड व्याख्या आहे. सगळीकडे अशीच असते."

"असंल. पण सगळीकडं पाळी नसंल. आपल्याकडं हाय. तिचा फायदा कंपनीला का द्यायचा?"

 मला वाटले, आता सर्वांना कळले. तेवढ्यात गुंडा चौगुले उभे राहिले. "थांबा, थांबा. म्हंजे प्रत्येकाचा आकडा आता वेगळा मोजणार. भाऊसोनं कवाबी चालू केलं तरी माझ्या आकड्याला धक्का न्हाई. मग मी कुणाची वाट का बघू?"

"म्हंजे पाळीची भानगडच संपली," मागून कुणीतरी म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

त्यांना अर्धे कळले होते आणि ते अर्धे बरोबर होते. प्रत्येकजण वेगळा मोजला जाणार होता, म्हणून कुणाला कुणासाठी थांबायचे कारण उरत नव्हते. थांबण्याने आजवर काय वाचले होते, हे उरलेले अर्धे कुणाला ऐकायचे नव्हते. खोटे कशाला लिहू, त्या टाळ्यांत मला हाव कमी आणि सुटका जास्त ऐकू आली. बावीस वर्षे ही बागायतदार घराण्यांतली माणसे आपलीच यंत्रे सुरू करण्यासाठी आटपाडीच्या पाटकऱ्याच्या मुलाच्या फोनची वाट पाहत होती. ते संपणार होते. हात वर करण्यास सांगितले तेव्हा हजर अडतीसपैकी अडतीस हात वर गेले. भाऊसोंचाही गेला, मान मात्र खाली होती.

एप्रिलपासून नवा पुरवठा सुरू झाला आणि ऑपरेटरचे पद अतिरिक्त ठरले. मीटर आता आपले आकडे स्वतःच कंपनीला पाठवत होते. होवाळ बावन्न वर्षांचे होते. त्यांना सेवामुक्तीचे पत्र मी टाइप करून दिले. त्यांनी पोच म्हणून सही केली, वह्या कपाटात क्रमाने लावल्या, किल्ली माझ्याकडे दिली आणि सांगलीला गेले. तिथे एका दवाखान्याच्या जनरेटरवर त्यांना काम मिळाले. त्यांच्या पत्नी मायाताई शिवणकाम करत होत्या, त्या ते करत राहिल्या.

पुढचे सांगायला फार नाही. पाळी गेल्यावर जो तो हवे तेव्हा यंत्रे लावू लागला. तरीही नऊ हजारांच्या जवळ कुणी पोचू शकले नाही. प्रत्येकाच्या सर्वात मोठ्या आकड्याची बेरीज सहा हजारांच्या आसपास येई. बिलात मात्र दर महिन्याला मागणी आठ हजार तीनशे पंचवीस असे, लिहून दिलेल्या आकड्याच्या बरोबर नव्वद टक्के. दर कमी मिळून जे वाचले त्याच्या कितीतरी पट तिथे गेले. दीड वर्षात नऊ कारखाने बंद पडले. बंद पडलेल्यांनी लिहून दिलेले आकडे मात्र बंद झाले नाहीत. करार संस्थेचा होता, म्हणून ते उरलेल्या बत्तिसांवर येऊन बसले. मी कंपनीला सहा पत्रे लिहिली, दाद मागायच्या ठिकाणी दोन अर्ज केले. व्याख्या स्पष्ट आहे आणि ती आपण मान्य केलेली आहे, असे उत्तर आले. ते उत्तर बरोबर आहे, हेच त्यातले सर्वात वाईट.

तेव्हा हंबीररावांना होवाळ आठवले. "जालिंदरला आणू. तवा त्यानं आकडा उतरवला, आत्ताबी उतरवंल."

ते, भाऊसो आणि मी असे तिघे सांगलीला गेलो. पाळीचा आता उपयोग नाही, हे मी गाडीत कराडच्या अलीकडे एकदा आणि इस्लामपूरच्या पुढे एकदा सांगितले. हंबीरराव ड्रायव्हरला म्हणाले, "गाणी लाव रं जरा."

होवाळांची खोली विश्रामबागेच्या मागच्या अंगाला, पत्र्याची. दुपार होती आणि ते जेवून नुकतेच उठले होते. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले.

"आबा, कुणी कवा वडायचं, एवढंच पाळीनं ठरतं. ह्या करारात कवा वडलं त्याला किंमतच न्हाई. ज्यानं त्यानं किती वडलं त्याची बेरीज करत्यात. आन ती कमी आली तरी लिवून दिलेल्याच्या नव्वद टक्के धरणारच. मी येऊन काय करू?"

हंबीरराव म्हणाले, "म्हंजे तू येणार न्हाईस."

"तसं म्हणलो न्हाई मी."

"जालिंदर, राग धरू नगंस रं," भाऊसो म्हणाले. "माझा हात वर गेला, खरं हाय. पर समद्यांचाच गेलता."

"राग न्हाई, भाऊसो."

मायाताई मशीनवरून न उठता बोलल्या. "राग असता तर बरं झालं असतं. रागावलेलं माणूस घरी तरी बसतं."

होवाळ आले. दवाखान्यातून महिन्याची बिनपगारी रजा घेऊन, भाऊसोंच्या कारखान्यातल्या एका खोलीत राहिले. पहिल्या दिवशी सबस्टेशनचे कुलूप उघडताना मी त्यांना विचारले, की हे व्यर्थ आहे हे ठाऊक असताना ते का आले.

"तोंडानं सांगून पटायचं न्हाई त्यास्नी. पाळी नीट पाळून बिल तेवढंच आलं, तर पटंल की रोग पाळीत न्हाई, करारात हाय. मग समदे मिळून कंपनीच्या दारात तरी जातील. व्याख्या बदलून मागतील." ते फळा पुसत होते. "अडतीस हात एकदा वर गेल्यात. अजून एकदा जायला काय हरकत?"

त्या महिन्यात पाळी जशी पाळली गेली तशी आधी कधीच पाळली गेली नव्हती. गुंडा चौगुले घड्याळ हातात घेऊन उभे राहत. हंबीररावांची भट्टी तीनच्या ठोक्याला लागे. होवाळ सबस्टेशनच्या मुख्य मीटरवरून, जो आता कुणी वाचत नव्हते, अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे वहीत उतरवत होते. आदल्या महिन्यात एका वेळचा सर्वात मोठा भार एक्केचाळीसशे होता; त्यांनी तो सव्वीसशेवर आणला. बिल आले. मागणी आठ हजार तीनशे पंचवीस.

संचालकांच्या सभेत होवाळांनी दोन्ही आकडे कागदावर मांडून दाखवले. "साहेब, आमच्याकडनं जेवढं व्हायचं तेवढं हे झालं. आता कंपनीकडं जावा. समद्यांनी जावा. व्याख्या बदला म्हणा."

कुणी कागद हातात घेतला नाही.

"तवा उतरला आकडा, आत्ता कसा उतरंना?" गुंडा म्हणाले.

"तवाचा करार येगळा हुता."

"करार, करार! वीज तीच, भट्ट्या त्याच, माणूस तोच. तुजं मन त्यात न्हाई आता, एवढंच. काढलं हुतं न्हवं आमी तुला."

होवाळांनी हंबीररावांकडे पाहिले. हंबीरराव विश्वजितने आणलेल्या कंपनीशी वैर घ्यायला तयार नव्हते, की स्वतःच्या सहीकडे परत पाहायला, हे मला सांगता येणार नाही. ते चष्मा पुसत होते आणि तो पुसून संपत नव्हता. भाऊसो म्हणाले, "जाऊ द्या की आता," पण ते कुणाला, हेही कळले नाही. होवाळांनी कागद उचलून त्याची घडी घातली, मला नमस्कार केला आणि ते निघून गेले. भाऊसोंच्या खोलीतली पिशवी घेऊन त्यांनी दुपारची सांगलीची एसटी पकडली.

मी त्या सभेच्या इतिवृत्तात दोन्ही आकडे लिहिले, मागणीची व्याख्या उतरवली आणि कराराचा फेरविचार करण्याची होवाळांची सूचना नोंदवली. एक पान झाले. हंबीररावांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि एक वाक्य सांगितले. ते मी लिहिले: श्री. जालिंदर होवाळ यांना महिनाभर संधी देण्यात आली. तथापि त्यांच्याकडून मागणी कमी होऊ शकली नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. खाली सचिव म्हणून माझी सही आहे.

करार अजून तीन वर्षे चालणार आहे.